शिंद्यांचे कवायती कंपू आणि लष्करी सामर्थ्याचा रचनापट

महादजी शिंदे यांनीं उत्तर हिंदुस्थानांत उभारलेले कवायती कंपू हा मराठ्यांच्या इतिहासांतील पुष्कळ चर्चिला गेलेला विषय आहे. या चर्चेचा रोख बहुधा एकाच प्रश्नाकडे राहत आला. मराठ्यांनीं आपली चपळ घोडदळाची परंपरा सोडून फिरंगी धर्तीचें पायदळ व जड तोफखाना पत्करला, हें योग्य केलें कीं अयोग्य? एका पक्षाचें म्हणणें असें कीं, गनिमी कावा सुटला तेथेंच राज्य बुडालें. दुसरा पक्ष म्हणतो, काळ पालटला होता. कवायत शिकले नसते तर याहून लवकर बुडाले असते. दोन्ही पक्षांचा पुरावा बराचसा छापून झाला असल्यामुळें त्याची उजळणी करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखांत एक निराळा प्रश्न घ्यावयाचा आहे. शिंद्यांनीं जें लष्करी सामर्थ्य पैसा ओतून संपादन केलें, त्याचे अवयव कोणते होते, ते एकमेकांस कशानें सांधले होते, आणि ते सांधे दरबारच्या हातांत होते कीं आणखी कोणाच्या?

हा प्रश्न सुचण्यास निमित्त झालें तें एका अगदीं अर्वाचीन विद्येचें. पाश्चात्य राष्ट्रांच्या संरक्षणखात्यांत गेल्या कांहीं दशकांत ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ या नांवाची एक पद्धति रूढ झाली आहे. एखाद्या मोठ्या संस्थेचीं कामें, माणसें, यंत्रें, निरोपांची ये-जा आणि पैसा यांचा परस्परसंबंध ठरीव रीतीनें मांडून दाखविणारा जो आराखडा, त्यास या लेखांत ‘रचनापट’ असें म्हटलें आहे. या पद्धतीचें मूळ व्यापारी जगांत सांपडतें. जॉन झॅकमन या अमेरिकन गृहस्थानें इ. स. १९८७ मध्यें आय. बी. एम. कंपनीच्या नियतकालिकांत एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें दाखविलें कीं, घर बांधणारा स्थपति मालकासाठीं एक नकाशा काढतो, कारागिरासाठीं दुसरा काढतो, आणि दोन्ही एकाच घराचे असतात. तसेंच मोठ्या संस्थेच्या यंत्रव्यवस्थेचेंहि असावयास पाहिजे.

लष्कराला या नकाशांची गरज कां भासली, तें इ. स. १९९१ च्या इराकवरील युद्धांत स्पष्ट दिसून आलें. दररोजच्या हवाई हल्ल्यांचा एक भला मोठा हुकूमनामा रियाध येथें तयार होई. वायुदलाच्या तळांवर तो विद्युद्यंत्रांतून पोंचे. परंतु अमेरिकेच्याच आरमाराच्या विमानवाहू जहाजांवर तो उतरून घेण्याजोगी यंत्रणा नव्हती. म्हणून त्या हुकूमनाम्याच्या प्रती रोज विमानांत घालून जहाजांवर नेऊन टाकाव्या लागल्या. जहाजें उत्तम होतीं, विमानें उत्तम होतीं, हुकूमहि बिनचूक होता. प्रत्येक वस्तु स्वतंत्रपणें विकत घेतलेली होती. एकीचा दुसरीशीं सांधा कसा जुळावयाचा, हें मात्र खरेदीच्या वेळीं कोणीं विचारलें नव्हतें.

पुढें इ. स. १९९६ मध्यें अमेरिकेंत कायदाच झाला कीं, प्रत्येक सरकारी खात्याच्या माहिती-अधिकाऱ्यानें आपल्या खात्याच्या यंत्रणेचा रचनापट राखावा. त्याच वर्षीं संरक्षणखात्यानें आपल्या पटाची पहिली आवृत्ति काढली व १९९७ च्या अखेरीस दुसरी. तींत एकाच विषयाचीं तीन दर्शनें सांगितलीं होतीं: काम कोण करतो व कोणाला काय कळवितो तें एक, तें कोणत्या यंत्रांनीं होतें तें दुसरें, आणि तीं यंत्रें कोणत्या नियमांस बांधलेलीं आहेत तें तिसरें. इ. स. २००३ मध्यें याच पटाला ‘डॉडॅफ’ हें नांव मिळालें, व त्याच वर्षीं नवीं शस्त्रास्त्रें मागण्याची रीतहि बदलली. ‘अमुक तोफ पाहिजे’ अशी मागणी न करतां ‘अमुक कार्य साधण्याचें सामर्थ्य पाहिजे’ अशी मागणी करावी, आणि जें यंत्र इतर यंत्रांशीं निरोपांची देवघेव करणार त्याच्या मागणीसोबत पटांतील दर्शनें जोडावीं, असें ठरलें. इंग्रजांनीं २००५ मध्यें आपला ‘मोडॅफ’ काढला. त्यांत अमेरिकन दर्शनांखेरीज दोन नवीं घातलीं. पैकीं एकाचा विषय खुद्द खरेदी हाच होता: कोणता प्रकल्प कोणत्या प्रकल्पावर अवलंबून आहे, आणि अमुक तारखेस त्याचें कोणतें अंग तयार असेल व कोणतें मागें पडलेलें असेल, हें त्या तक्त्यावरून एका दृष्टिक्षेपांत कळावें.

इंग्रज परिभाषेंत सामर्थ्याचीं अशीं अंगें आठ मानलीं आहेत: शिक्षण, साहित्य, माणसें, माहिती, युद्धनीति, संघटना, वास्तु व रसद. आठहि अंगें जुळल्याखेरीज सामर्थ्य हातीं आलें असें समजूं नये, असा दंडक आहे. तो दंडक त्यांनीं ठेंचा खाऊन शिकलेला आहे. इ. स. १९९५ मध्यें ब्रिटिश संरक्षणखात्यानें चिनूक जातीचीं आठ हेलिकॉप्टरें मागविलीं. तीं २००१ मध्यें हातीं आलीं. यंत्र नामांकित, बनविणारे नामांकित. परंतु त्यांतील उड्डाणयंत्रणेच्या संगणक-आज्ञावलीची आंतून तपासणी करण्याचा हक्क करारनाम्यांत घेण्याचें राहून गेलें होतें. ती तपासणी झाल्यावांचून, ढगांत किंवा अपुऱ्या उजेडांत हें यंत्र सुरक्षित उडेल, असा दाखला देतां येईना. सुमारें २६ कोटि पौंडांचीं तीं आठ यंत्रें कित्येक वर्षें कोठारांत उभीं राहिलीं, आणि तीं देखील अफगाणिस्तानांत हेलिकॉप्टरांची ओढ लागलेली असतांना. अखेरीस नवी यंत्रणा काढून जुनी बसवावी लागली.

रचनापट हा रामबाण आहे असें मात्र समजूं नये. बर्नार्ड ग्रे यांनीं २००९ मध्यें ब्रिटिश सरकारास दिलेल्या अहवालांत, मोठे लष्करी प्रकल्प मूळ अंदाजाहून सरासरीनें शेंकडा ८० उशिरां व शेंकडा ४० अधिक खर्चानें पुरे होतात, असें दाखविलें. यांतले पुष्कळसे प्रकल्प पटाच्या आधींचे होते हें खरें. तरी पट निघून चार वर्षें झालीं तेव्हां खात्याची ही स्थिति होती. अमेरिकेंतहि अनुभव असा आला कीं, मंजुरी मिळावी म्हणून तक्ते भरावयाचे आणि भरून झाले कीं कपाटांत ठेवावयाचे, अशी संवय कारकुनांस लागली. म्हणून २००९ च्या आवृत्तींत ठराविक तक्त्यांचा आग्रह सोडून, निर्णयास उपयोगी पडेल तेवढी माहिती गोळा करा, असें सांगावें लागलें. दप्तराचा हा स्वभाव आपणां मोडी कागद चाळणारांस नवा नाहीं.

आजची परिभाषा जुन्या काळावर लादणें हा कालविपर्यास होय, असा आक्षेप येथें कोणी घेईल. परिभाषा लादावयाची नाहींच. परंतु तिच्या मुळाशीं असलेला विचार मराठी राज्यास अपरिचित नव्हता. किल्ल्यांची व्यवस्था घ्या. कृष्णाजी अनंत सभासद इ. स. १६९७ च्या सुमारास लिहितांना सांगतो कीं, गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे सारख्या दर्जाचे अधिकारी असत, आणि त्यांच्या जातीहि निरनिराळ्या ठेवीत. कोठार कारखानिसाकडे असे. एकानें फितूर व्हावयाचें ठरविलें तरी गड एकट्याच्या हातून जाऊं नये, असा हा सांधा होता. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रांतील प्रकरणें याच दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखीं आहेत. गड कोठें बांधावा येथपासून, दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आठां-पंधरा दिवसांनीं दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावें, येथपर्यंतचीं कलमें त्यांत आहेत. आरमाराच्या प्रकरणांत, लांकूड कोठून आणावें व रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें मालकाच्या राजीखुषीवांचून कां तोडूं नयेत, हेंहि आहे. तोफ, दारू, ती राखणारा, त्यावर नजर ठेवणारा, त्याचा पगार आणि ज्या रयतेच्या जोरावर हें सर्व चालावयाचें ती रयत, ह्या सर्वांचा संबंध अमात्यांनीं एका ठिकाणीं लिहून काढला. टोपीकरांस समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊं नये, हा त्यांचा सल्ला याच विचाराचा भाग होय.

परक्या कारागिरावर विसंबण्याचा धडा तर शिवाजी महाराजांच्या आरमारास जन्मकाळींच मिळाला होता. कल्याण-भिवंडीच्या खाडींत इ. स. १६५९ मध्यें जहाजें बांधण्याचें काम त्यांनीं सुरू केलें, तेव्हां रुई लैतांव व्हिएगश नांवाचा पोर्तुगीझ त्या कामावर होता व त्याच्या हाताखालीं बरींच पोर्तुगीझ माणसें होतीं. हें आरमार पुढें आपणांसच भोंवणार, हें ओळखून पोर्तुगीझ अधिकाऱ्यांनीं त्या मंडळींस फोडलें व तीं निघून गेलीं. गोव्याचे संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पोर्तुगीझ दप्तरांतून ही हकीकत उजेडांत आणली आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, माणसें गेलीं तरी आरमार थांबलें नाहीं. बंदरें, लांकूड, खलाशी व किल्ले हीं सर्व अंगें महाराजांच्या स्वतःच्या हातांत होतीं. परक्याचें होतें तें केवळ एक अंग.

शिंद्यांच्या कंपूंत हें प्रमाण नेमकें उलटें झालें. त्याआधीं पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या. उदगीरच्या यशानें भाऊसाहेबांचा त्यांवर भरंवसा बसला होता. परंतु कवायती पायदळ व मोकळें घोडदळ ह्यांचा मेळ रणांगणावर कोणीं व कसा घालावयाचा, हें १७६१ मध्यें ठरलेलें नव्हतें. त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती येथें नको.

बेन्वा द ब्वान्य, आपल्या कागदांतील ‘डिबाईन’, हा सव्हॉय प्रांतांतील शांबेरी गांवचा. त्याचा जन्म १७५१ चा. १७८४ मध्यें तो महादजींच्या चाकरीस राहिला व प्रथम त्यानें दोन पलटणी तयार केल्या. सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसास आग्र्यास तोफा ओतण्याच्या कामावर नेमलें. १७८७ च्या लालसोटच्या मोहिमेंत महादजींकडील हिंदुस्थानी पलटणी पगार तुंबल्यामुळें शत्रूस जाऊन मिळाल्या, तेव्हां डिबाईनच्या पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहींत. महादजींच्या मनावर ह्या दोन्ही गोष्टींचा परिणाम झाला असला पाहिजे. १७९० मध्यें डिबाईननें दहा पलटणींचा पुरा कंपू उभारला. त्याच वर्षीं २० जूनला पाटण येथें इस्मायल बेगाचा व १० सप्टेंबरला मेडता येथें राठोडांचा त्यानें मोड केला. तीन वर्षांत आणखी दोन कंपू झाले. प्रत्येक कंपूंत सुमारें सहा हजार शिपाई, त्यांत तेलंगे व नजीब अशा दोन तऱ्हेच्या पलटणी, आणि प्रत्येक पलटणीबरोबर तोफा. जखमींची शुश्रूषा व जायबंदी झालेल्यांचें वेतन ह्यांचीहि तजवीज होती, जी त्या काळच्या देशी सैन्यांत क्वचितच आढळे.

एवढ्यावरून पाहतां आठ अंगांपैकीं बहुतेक सर्व अंगें कंपूंत होतीं, किंबहुना त्या वेळच्या कोणत्याहि हिंदी राज्याच्या सैन्यापेक्षां अधिक पूर्ण होतीं. शिक्षण होतें, साहित्य होतें, माणसें होतीं, ओतशाळा होती, कोठारें होतीं. म्हणून ‘मराठ्यांस कवायत जमली नाहीं’ हें विधान मला निराधार वाटतें. दोष अंगांत नव्हता. तीं अंगें ज्या एका ठिकाणीं गांठ मारून बांधलीं होतीं, त्या ठिकाणीं होता.

मुख्य गांठ पगाराची. लालसोटचा अनुभव ताजा असल्यामुळें, पगार वेळेवर मिळाल्याशिवाय कवायती शिपाई टिकत नाहीं, हें दोघांसहि ठाऊक होतें. पुण्याचा व उज्जनीचा खजिना तर नेहमींच रिकामा. यावर तोड अशी काढली कीं, गंगा-यमुनांच्या दुआबांतला मोठा मुलूख कंपूच्या खर्चासाठीं डिबाईनकडे जायदाद म्हणून लावून द्यावा. वसूल त्यानेंच करावा व पगार त्यानेंच वांटावा. अलीगडचा किल्ला हें त्याचें ठाणें झालें. तोड नामी होती. पगार महिन्याच्या महिन्यास पोंचूं लागला आणि शिपाई निष्ठेनें लढले. परंतु त्याच घटकेस सेना, तिचा खजिना, तिचा मुलूख, तिचा किल्ला व तिचे अंमलदार हीं सर्व एका परकी गृहस्थाच्या मुठींत गेलीं. गडावर सबनिसाची लेखणी हवालदाराच्या हातीं जाऊं न देणाऱ्या राज्यानें येथें हवालदारी, सबनिशी व कारखानिशी तिन्ही एकाच माणसास दिल्या! हर्बर्ट काँप्टननें १८९२ मध्यें या साहसी यूरोपीयांचा जो वृत्तांत छापला, त्यांत तो असेंहि सांगतो कीं, ह्या पलटणींवर निशाण फडके तें सव्हॉयचा पांढरा क्रूस असलेलें.

महादजी जिवंत होते तोंपर्यंत ही गांठ दिसली नाहीं, कारण त्यांचा स्वतःचा वचक व डिबाईनचा प्रामाणिकपणा हेच सांध्याचें काम करीत होते. कंपनी सरकाराविरुद्ध आपणांस लढावयास लावूं नये, अशी अट डिबाईननें नोकरी धरतांनाच घातली होती. ही अट उघड होती, लपविलेली नव्हती. म्हणजे ज्या एका शत्रूशीं पुढें गांठ पडणार होती, त्याच्याविरुद्ध ह्या सामर्थ्याचा प्रमुखच उपयोगी पडणार नव्हता, हें खरेदीच्या दिवशींच ठाऊक होतें. महादजींसारख्या धोरणी पुरुषानें हा धोका ओळखला नसेल असें मला वाटत नाहीं. पण १७८४ मध्यें समोर होते ते मोंगल अमीर व रजपूत राजे, आणि त्यांच्याविरुद्ध हा माल चोख होता.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस महादजी वारले. १७९५ च्या अखेरीस प्रकृतीमुळें डिबाईन नोकरी सोडून गेला व त्याच्या जागीं पेरों आला. एक माणूस गेला व दुसरा आला. परंतु रचना लेखी हुकुमांवर उभी नसून माणसावर उभी असल्यामुळें रचनाच बदलली. डिबाईननें जायदाद कंपूसाठीं राखली होती. पेरोंच्या हातीं ती जवळ जवळ स्वतंत्र सुभेदारी झाली. महादजींच्या बायकांचा दौलतरावांशीं तंटा माजला तेव्हां लखबादादा लाड यांनीं बायकांचा पक्ष घेतला. मूळचे कोंकण-गोमंतकाकडचे हे शेणवी सरदार, जिवबादादा बक्षी यांच्या परंपरेंतले, उत्तरेंतील शिंदेशाहीचे आधारस्तंभ होते. आणि त्यांच्याविरुद्ध तोफा डागल्या त्या पेरोंच्या कंपूंनीं. घोडदळाचे सरदार व कवायती अंमलदार ह्यांच्यामध्यें दुवा म्हणून कोणतीहि कचेरी नव्हती. जो तो परभारें दौलतरावांकडे गाऱ्हाणें नेई, आणि दौलतराव बहुतकाळ पुण्यांत गुंतलेले.

अशा रचनेचा परिणाम काय होतो, याचें उदाहरण शेजारींच घडून गेलें होतें. खर्ड्याच्या लढाईंत, मार्च १७९५ मध्यें, शिंद्यांकडून पेरों व निजामाकडून रेमों असे दोन फ्रेंच समोरासमोर होते. रेमों १७९८ मध्यें वारला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, पगारासाठीं त्याच्या फौजेंत दंगा झाला असतां, इंग्रजांनीं निजामाच्या संमतीनें ती सुमारें चौदा हजारांची फौज एक गोळीहि न झाडतां मोडून टाकली. गोष्ट साऱ्या हिंदुस्थानांत गाजली. तींतून धडा घेतला तो इंग्रजांनीं: ह्या जातीच्या फौजा रणांगणावर जिंकण्यापेक्षां सांध्यावर उकलाव्या.

१८०३ मध्यें त्यांनीं तेंच केलें. युद्ध सुरू होतांच गव्हर्नर जनरलनें जाहीरनामा काढला कीं, शिंद्यांच्या नोकरींतील जे ब्रिटिश प्रजाजन ती सोडून येतील त्यांस कंपनी वेतन देईल. पेरोंनें आधींच संशयावरून अशा कित्येक अंमलदारांस घालवून दिलें. जेम्स स्किनर, ज्याची आई रजपूत होती, तो यांतलाच. पुढें त्याचा रिसाला इंग्रजांच्या सैन्यांत नांवाजला. ४ सप्टेंबरला अलीगड पडला. हल्ला करणाऱ्या तुकडीस दरवाज्यापर्यंतची वाट दाखविणारा लुकन हा शिंद्यांचीच नोकरी सोडून आलेला अंमलदार होता. ज्या किल्ल्यांत कंपूचें सारें साहित्य भरलेलें, त्याचा नकाशा शत्रूच्या गोटांत चालून गेला! दरम्यान पेरोंला काढून त्याच्या जागीं अंबाजी इंगळ्यांस नेमण्याचें दौलतरावांनीं ठरविलें होतें. तें कळतांच पेरोंनें जनरल लेककडे वाट मागितली व तो निघून गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ बुर्कें हरला व थोड्याच दिवसांत शरण आला. आग्र्याच्या शिबंदीनें तर आपल्याच यूरोपीय अंमलदारांस कैदेंत घातलें होतें, आणि किल्ला देण्याचें बोलणें लावावयास त्यांतल्याच एकास बाहेर काढलें.

दक्षिणेंत २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. तेथें शिंद्यांच्या पलटणी हॅनोव्हरकर पोलमनच्या हाताखालीं होत्या. आर्थर वेलस्लीजवळ सुमारें सात हजार लोक होते, त्यांपैकीं १५८४ मेले, जखमी झाले किंवा नाहींसे झाले. ज्या तोफांनीं हा मार दिला त्यांतल्या शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. पुढें १ नोव्हेंबरला लासवाडीस उत्तरेकडील उरलेल्या पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हां त्यांवर फ्रेंच अंमलदार नव्हते. तरी त्या अशा लढल्या कीं, यांना सरदार असते तर निकाल काय लागला असता सांगवत नाहीं, अशा आशयाचें लेकनें स्वतः लिहिलें आहे. शिपाई, तोफ, कवायत ह्यांची परीक्षा लासवाडीस झाली व त्यांत तीं उतरलीं. कोठारांत उभ्या राहिलेल्या त्या आठ हेलिकॉप्टरांची आठवण मला होते ती येथें. यंत्र पुरें होतें. तें चालविण्याची किल्ली विकणाऱ्याजवळ राहिली होती.

यावर कोणी विचारील कीं, इंग्रजांची फौज तरी कशाची होती? तीहि भाडोत्रीच, तिचेहि शिपाई बहुतांशीं याच देशाचे. हा प्रश्न रास्त आहे. रँडॉल्फ कूपर यांनीं २००३ मध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत असेंच प्रतिपादन केलें आहे कीं, १८०३ चा निकाल शस्त्रविद्येच्या वरचढपणानें लागला नसून, शिपायांच्या व अंमलदारांच्या बाजारांत कंपनीचा पैसा व पत वरचढ ठरल्यानें लागला. मला हें म्हणणें बव्हंशीं मान्य आहे. त्यांत एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते कीं, पत वरचढ ठरली ती ज्या रचनेमुळें, ती रचना कागदावर होती. लेक त्या मोसमांत तापानें मेला असता तर दुसऱ्या दिवशीं त्याची जागा कोणीं घ्यावयाची, हें अंमलदारांच्या यादींत लिहिलेलें होतें. त्याच्या शिपायांचा पगार त्याच्या मालकीच्या मुलुखांतून येत नव्हता. त्याचा दारूगोळा दुसऱ्याच्या ताब्यांत होता व त्याचा हिशेब तिसरा तपाशी. आज्ञापत्रांतल्या गडाची ही व्यवस्था. ती आपणांकडे सव्वाशें वर्षांपूर्वींपासून माहीत होती, परंतु गडांपुरतीच राहिली. मैदानांतल्या नव्या सैन्यास ती कोणीं लावून पाहिली नाहीं. त्यास कारणेंहि होतीं. गड राज्याच्या आंत जन्मला व सावकाश वाढला. कंपू सहा वर्षांत, लढाईच्या घाईंत, तयार माल म्हणून आला. घाईंत घेतलेल्या मालाचे सांधे कोणी तपाशीत नाहीं. ब्रिटिश खात्यानेंहि तपासले नाहींत, तेथें तर घाईहि तितकी नव्हती.

३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी अंजनगांव येथें तह झाला. त्यांतील मुलुखाच्या कलमांकडे सर्वांचें लक्ष जातें: दुआब गेला, दिल्ली-आग्रा गेलें, भडोच गेलें. पण त्यांतच आणखी एक कलम आहे. फ्रेंच, अथवा इंग्रजांशीं ज्यांचें युद्ध चालूं असेल अशा कोणत्याहि यूरोपीय वा अमेरिकन राष्ट्राचा मनुष्य, तसाच ब्रिटिश सरकारचा कोणीहि प्रजाजन, मग तो यूरोपीय असो कीं हिंदी, शिंद्यांनीं इंग्रजांच्या परवानगीवांचून चाकरीस ठेवूं नये. तोफा ओतूं नका किंवा पलटणी ठेवूं नका, असें मात्र त्या कलमांत लिहिलेलें नाहीं.